वाचकांचे प्रश्न : दोन कनेक्शनं, एक घर

प्रश्न : मॅडम, आमचं घर जुळे सोलापुरात. मुलगा पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो, सूनबाई ऑनलाइन शिकवणी घेते आणि ह्यांना टीव्हीवर क्रिकेट लागतं. आधीचं फायबर १०० एमबीपीएसचं आहे. ते अधूनमधून बंद पडतं म्हणून गच्चीवर ५जीवालं दुसरं कनेक्शन घेतलं, तेही १०० चंच. बसवायला आलेला मुलगा म्हणाला, दोन्ही बॉक्स एका वायरीनं जोडा, २०० मिळेल. जोडलं. आता कुणाच्या मोबाइलवर नेट चालतं, कुणाच्या नाही. बँकेचं पान मध्येच बाहेर काढतं. आणि फायबर गेलं की मुलाला जिन्याखाली जाऊन हातानं वायर बदलावी लागते ती लागतेच. हे नीट कसं जोडायचं?
— एक वाचक भगिनी, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, आधी दोन बॉक्समधली ती वायर काढा. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल.

तुमच्या दोन्ही बॉक्सचा घरातला पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असाच आहे; बरेच बॉक्स तो घेऊनच येतात. (मासिकात आकडे देवनागरीत छापतात, राउटरमध्ये मात्र इंग्रजी आकडेच टाका.) १९२.१६८ नं सुरू होणारे पत्ते १९९४ पासून घर-ऑफिसच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवलेले आहेत, त्यामुळे तुमच्या शेजाऱ्याकडे तोच पत्ता असला तरी काही बिघडत नाही. एकाच वायरीवर तो दोनदा आला की बिघडतं. त्यात हे दोन्ही बॉक्स घरातल्या मोबाइल-लॅपटॉपना पत्ते वाटत बसतात. ह्या वाटपाला डीएचसीपी म्हणतात आणि एका घरात ते एकानंच करायचं असतं. मोबाइल वायफायला लागला की पत्ता मागतो, जो बॉक्स आधी उत्तर देईल त्याचा घेतो आणि बाहेर कुठल्या बॉक्समधून जायचं हेही त्याच उत्तरातून शिकतो. तुमच्याकडे दोघंही एकच नंबर सांगतात, आणि कधी दोघं मिळून दोन मोबाइलना एकच पत्ता देऊन बसतात. मग ज्याचं नशीब त्याचं नेट.

आता ते २००. ‘दोन्ही मिळून दुप्पट’ हे मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांची नेटवर्कं घालत होते तेव्हापासून ऐकतेय, आणि विकणारी माणसं बदलली तरी वाक्य तेच आहे. आपण सोलापूरकर नळाला रोज पाणी येत नाही म्हणून बोअर घेतो, दोन्ही एकाच टाकीत सोडतो आणि चावी फिरवल्यावर कुठलं पाणी कुठलं ते विचारत नाही. इंटरनेटला अशी टाकी नसते. प्रत्येक लाइनला तिच्या कंपनीचा बाहेरचा वेगळा पत्ता असतो. सूनबाईंनी बँकेचं पान फायबरवरून उघडलं की बँकेला दिसतो तो फायबरचा पत्ता. पुढची क्लिक ५जीवरून गेली तर बँकेच्या दृष्टीनं तेच लॉगिन अचानक दुसऱ्याच ठिकाणाहून आलं, आणि बऱ्याच बँका अशा वेळी सरळ बाहेर काढतात. त्यांचं बरोबरच आहे.

राउटरला जमतं ते एवढंच, की एकेक संभाषण कुठल्या तरी एका लाइनीवर नेमून द्यायचं. घरात माणसं जास्त आणि संभाषणं भरपूर असली तर दोन्ही लाइनी भरून वापरल्या जातात, हे खरं. पण मुलाचा एक व्हिडिओ कॉल किंवा एकच मोठी फाइल एकाच लाइनीवरून येणार, तिला १०० च्या वर जाता येणार नाही. स्पीड टेस्टवर मात्र १८०-१९० दिसू शकतं, कारण ती चाचणी एकाच वेळी अनेक कनेक्शनं उघडते. विकणारे ती चाचणी दाखवतात. दोन लाइनी खरोखर एकजीव करायच्या तर बाहेर कुठंतरी भाड्यानं सर्व्हर घ्यावा लागतो, जो दोन्ही बाजूंनी आलेले तुकडे जोडून पुढे पाठवतो. त्याचं भाडं दरमहा, आणि तो बंद पडला की दोन्ही लाइनी असून घर बंद. तुमच्या गरजेला हे नको.

माझं स्पष्ट मत : वाटावाटीच्या फंदात पडू नका. फायबर मुख्य ठेवा, ५जी राखीव ठेवा आणि टीव्ही तेवढा कायमचा ५जीवर टाका. यानं मुलाचं काम आणि क्रिकेट एकमेकांच्या आड येणार नाहीत.

त्यासाठी मधे एक तिसरं यंत्र लागेल, दोन वॅन पोर्टचा राउटर. (वॅन म्हणजे बाहेरचं नेट आत येतं ते पोर्ट, लॅन म्हणजे घराच्या बाजूचं.) टीपी-लिंकचा ईआर६०५, मायक्रोटिकचा हेक्स किंवा ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची मोफत प्रणाली) चालणारा कुठलाही बरा राउटर चालेल. पहिल्या दोघांत वायफाय नसतं, त्यामुळे वायफायसाठी जुना राउटर ॲक्सेस पॉइंट (म्हणजे नुसतं वायफाय देणारा) करून त्यांच्या मागे लावावा लागतो. मायक्रोटिक स्वस्तात खूप काही करतो, पण शिकायला वेळ मागतो. मुलाला आवड असेल तरच घ्या.

जोडणी अशी. फायबरच्या बॉक्सचं लॅन पोर्ट नव्या राउटरच्या पहिल्या वॅनला, ५जी बॉक्सचं दुसऱ्या वॅनला. फायबरचा बॉक्स १९२.१६८.१.१ वर राहू द्या, ५जीचा बदलून १९२.१६८.२.१ करा आणि घरासाठी नव्या राउटरवर १९२.१६८.१०.१ ठेवा. तिन्ही वेगळे पाहिजेत, नाहीतर कुठलं पॅकेट कुठल्या बाजूला पाठवायचं हे राउटरला ठरवताच येत नाही. दोन्ही बॉक्सचं वायफाय बंद करा. ते चालू राहिलं तर कुणीतरी सवयीनं जुन्याच नावाला जोडतं आणि नव्या राउटरचा कुठलाच नियम त्याला लागू होत नाही. कंपनी तयार असेल तर फायबरचा बॉक्स ब्रिज मोडला टाकून घ्या, म्हणजे तो नुसती लाइन पुढे सोडेल, आणि पीपीपीओईचं (कंपनीच्या लॉगिनचं) युजरनेम-पासवर्ड नव्या राउटरमध्ये भरा. तयार नसेल तर भांडू नका. पत्त्यांची अदलाबदल दोनदा होईल, त्याला डबल नॅट म्हणतात, पण कॉल, शिकवणी आणि क्रिकेट यांना त्यानं काही होत नाही.

राउटरमध्ये दोन्ही लाइनींपुढे मेट्रिक नावाचा आकडा असतो. लहान आकड्याला पहिला मान. फायबरला १० द्या, ५जीला २०. काही राउटरांत आकडा दिसत नाही, नुसतं ‘प्रायमरी’ आणि ‘बॅकअप’ लिहिलेलं असतं. अर्थ तोच.

इथपर्यंत बहुतेक जण येतात आणि झालं म्हणून थांबतात. पण खरी मेख पुढे आहे : लाइन मेली हे राउटरला कळायचं कसं?

आपल्याकडे फायबर जातं तेव्हा बहुतेक वेळा बॉक्स चालूच असतो. राउटरला जोडलेली वायर शाबूत, पोर्टचा दिवा हिरवा, आणि तिकडे होटगी रोडला उसाच्या ट्रॉलीनं केबल ओढून नेलेली. नुसता दिवा बघणारा राउटर त्या मेलेल्या लाइनीवर सगळं ओतत राहतो आणि मुलगा पुन्हा जिन्याखाली. म्हणून ‘ऑनलाइन डिटेक्शन’, ‘ट्रॅकिंग’ असं जे काही तुमच्या राउटरमध्ये असेल ते चालू करा आणि दर पाच सेकंदांनी बाहेरच्या पत्त्याला पिंग करायला, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक मारून उत्तर येतं का ते बघायला लावा. पत्ता १.१.१.१ किंवा ८.८.८.८ असा दूरचा पाहिजे. मी कितीतरी ठिकाणी पिंगसाठी १९२.१६८.१.१ टाकलेलं पाहिलंय. तो तर तुमच्याच जिन्याखालचा बॉक्स, केबल तुटली तरी तो हजरच असतो. प्रत्येक लाइनीला दोन पत्ते द्या आणि दोन्ही गप्प झाले तरच लाइन गेली असं धरायला सांगा, कारण एखादा सर्व्हर कधीतरी उत्तर देत नाही. आणि फायबरची तपासणी फायबरवरूनच जाते ना, हे पक्कं बघा. ती ५जीवरून गेली तर मेलेलं फायबरही ठणठणीत दिसतं.

तीन पिंग चुकले की लाइन सोडायची, म्हणजे पंधरा-वीस सेकंदांत बदल होतो. परत फायबरवर यायला मात्र घाई नको. आपल्याकडची लाइन जाताना एकदाच जात नाही, येते-जाते-येते. दर वेळी राउटर तिच्यामागे धावला तर मुलाचा व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी जोडणारा खासगी रस्ता) दर वेळी तुटेल. परतीसाठी मी निदान मिनिटभर सलग चांगली पिंगं मागते. बदलाच्या क्षणी चालू कॉल तुटणार हे धरून चाला. बाहेरचा पत्ताच बदलतो, त्यामुळे जुनं संभाषण पुढे चालू राहू शकत नाही. व्हीपीएन पुन्हा जोडला जातो, व्हिडिओ कॉल थोड्या वेळात सावरतो. कधी कधी जुनी संभाषणं मेलेल्या लाइनीला चिकटून बसतात. लाइन बदलताच जुनी कनेक्शनं पुसून टाकायची सोय असेल तर ती चालू ठेवा.

टीव्हीचा नियम सोपा. राउटरमध्ये टीव्हीला कायमचा पत्ता द्या, समजा १९२.१६८.१०.५०, आणि नियम लिहा की या पत्त्यावरून निघालेलं सगळं दुसऱ्या वॅनवरून जाईल. ५जी गेलं तर फायबरवर जायचं की गप्प बसायचं हेही त्याच नियमात ठरतं; त्याचा निर्णय तुम्ही घरात घ्या, मी त्यात पडत नाही. मुलाच्या लॅपटॉपला उलटा नियम. मोबाइलला असा नियम लावायचा असेल तर एक खोडा आहे : अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून मोबाइल वायफायला स्वतःचा खरा मॅक नंबर (उपकरणाचा ओळख क्रमांक) सांगत नाहीत, बनावट सांगतात. तुमच्या घरच्या वायफायपुरतं ते बंद करा, नाहीतर मोबाइल आपला कायमचा पत्ता कधीतरी सोडून देईल. आणि ५जी प्लॅनची डेटा मर्यादा आधी बघून घ्या. फायबरला बऱ्याच प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबी असतात, घरगुती वायरलेसला साधारण १०००. टीव्ही मोठा आणि दिवसभर चालू असेल तर हा फरक जाणवतो.

बदल झाल्यावर आधीपासून उघडलेलं चालतं पण नवीन पान उघडत नाही, असं दिसलं तर डीएनएस बघा. साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा हा सर्व्हर सहसा इंटरनेट कंपनीचाच असतो, आणि एका कंपनीचा डीएनएस दुसऱ्या कंपनीच्या लाइनीवरून विचारलं तर बऱ्याचदा दाद देत नाही. राउटरमध्ये १.१.१.१ आणि ८.८.८.८ भरून टाका, दोन्ही लाइनींवरून चालतात.

आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत (आत्तापर्यंत आपण वापरली ती जुनी, आयपीव्ही४), सुरुवातीला घराच्या बाजूनं बंद ठेवा. तत्त्व म्हणून मला हे पटत नाही, पुढचा जमाना त्याचाच आहे. पण त्यात प्रत्येक लाइन घरातल्या उपकरणांना आपापले बाहेरचे पत्ते थेट देते. लाइन मेली तरी मोबाइल तिच्या पत्त्याला धरून बसतो, आणि तुम्ही आयपीव्ही४ साठी लिहिलेले नियम त्याला लागत नाहीत. आधी साधं चालू द्या.

लाइटीचं बोलायचं राहिलं. एप्रिल-मे महिन्यात दुपारी लाइट गेली की तिन्ही डबे जिवंत पाहिजेत : फायबर बॉक्स, ५जी बॉक्स, राउटर. प्रत्येकाच्या ॲडॉप्टरवर व्होल्ट आणि ॲम्पिअर लिहिलेले असतात ते वाचूनच मिनी यूपीएस घ्या, सगळेच १२ व्होल्टचे नसतात. गच्चीवरच्या ५जी युनिटला वीज सहसा नेटवर्कच्या वायरीतूनच खालून जाते, त्यामुळे खालचा बॉक्स आणि ती वीज चढवणारा ॲडॉप्टर, दोन्ही यूपीएसवर घ्या. एवढं करूनही लाइट गेल्यावर दहा-वीस मिनिटांत फायबर जात असेल तर दोष तुमच्या घरात नाही. अस्सल जीपॉन फायबरला एक्स्चेंजपासून तुमच्या घरापर्यंत मधे कुठंच वीज लागत नाही. पण काही केबलवाले गल्लीतल्या कुणाच्या तरी गच्चीवर विजेवरचा स्विच ठेवून तिथून पुढे लाइन वाटतात. त्या स्विचची बॅटरी उतरली की गल्ली बंद. वायरमनला विचारा, तो खरं सांगतो.

सगळं झालं की परीक्षा घ्या, आणि ती बॉक्सचं बटण बंद करून घेऊ नका. त्यानं फक्त दिवा गेल्याची परीक्षा होते. बॉक्स चालू ठेवून मागची हिरव्या टोकाची फायबर हलकेच काढा, टोकाला बोट लावू नका, त्यात डोकावू नका, टोपण असेल तर लावा. बॉक्सवर लाल दिवा लागेल. आता मुलाला कॉल लावून बसायला सांगा आणि घड्याळ बघा.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं टॉवेलचं छोटं युनिट आहे. कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर मी घरून मोबाइलवर बघायचो. दुसरी लाइन घेऊन दोन वॅनचा राउटर लावल्यापासून कधी दिसतो, कधी नाही. कॅमेरेवाला म्हणतो नेटचा दोष, नेटवाला म्हणतो कॅमेऱ्याचा.

उत्तर : दोघांचाही नाही, राउटरचा आहे. तुमचा मोबाइल पहिल्या लाइनीच्या पत्त्यावर हाक मारतो. डीव्हीआर उत्तर देतो, पण राउटर ते उत्तर दुसऱ्या लाइनीवरून बाहेर सोडतो. मोबाइलला ते अनोळखी पत्त्यावरून आलेलं दिसतं आणि तो ते टाकून देतो. ज्या वेळी राउटर योगायोगानं पहिलीच लाइन निवडतो त्या वेळी तुम्हाला कॅमेरे दिसतात.

जी हाक ज्या लाइनीवरून आली तिचं उत्तर त्याच लाइनीवरून गेलं पाहिजे. त्यासाठी प्रत्येक लाइनीचं वेगळं राउटिंग टेबल (कुठल्या पत्त्याला कुठून जायचं याची यादी) ठेवतात, आत येणाऱ्या कनेक्शनवर खूण करतात आणि उत्तर त्या खुणेच्या टेबलानं पाठवतात. लिनक्समध्ये अनेक टेबलांची ही सोय १९९९ पासून आहे. ओपनडब्ल्यूआरटीतलं एमवॅन३ हे पॅकेज ही खूण आपोआप करतं, मायक्रोटिकमध्ये ती मँगल नावाच्या नियमयादीत हातानं लिहावी लागते. बसवणाऱ्याला ‘कनेक्शन मार्क आणि राउटिंग मार्क’ एवढे शब्द सांगा. त्याचा चेहरा कोरा राहिला तर दुसरा माणूस बघा.

पण त्याआधी लाइनीचा बाहेरचा पत्ता तपासा. राउटरला मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यात असेल तर ती लाइन कंपनीनं अनेक ग्राहकांत वाटलेल्या पत्त्यावर आहे. हे पत्ते २०१२ मध्ये याच कामासाठी राखले गेले. ५जी लाइनी बहुतेक अशाच असतात. तिथं बाहेरून आत येण्याचा रस्ताच नाही, पोर्ट फॉरवर्ड (बाहेरची हाक डीव्हीआरकडे वळवायचा नियम) कितीही करा. राउटरवर १९२.१६८ दिसत असेल तर खरा पत्ता कंपनीच्या बॉक्सच्या स्टेटस पानावर बघा.

आणि मागितला नसलात तरी एक सल्ला. डीव्हीआरचं पोर्ट जगाला उघडं ठेवू नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं असेच कंपनीतून आलेले पासवर्ड न बदललेले डीव्हीआर आणि कॅमेरे लाखोंनी ताब्यात घेतले, आणि त्यांचाच मारा करून त्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या बड्या साइट कित्येक तास बंद पाडल्या. ज्या लाइनीला स्वतःचा बाहेरचा पत्ता आहे तिच्यावर वायरगार्ड नावाचा व्हीपीएन चालू करा आणि मोबाइलवरून आधी व्हीपीएन, मग कॅमेरे. दोन्ही लाइनी वाटलेल्या पत्त्याच्या निघाल्या तर कॅमेरा कंपनीचं ॲप वापरा. त्यात डीव्हीआर स्वतःच बाहेर हाक मारतो, त्यामुळे चालतं. पासवर्ड मात्र आजच बदला.

प्रश्न : मी इंजिनीअरिंगला आहे. लॅपटॉप होस्टेलच्या वायफायला आणि मोबाइल यूएसबीनं लॅपटॉपला, असं दोन्ही चालू ठेवतो. तरी सगळं एकाच नेटवरून का जातं?

उत्तर : कारण लॅपटॉपलाही मेट्रिक असतं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘राउट प्रिंट’ चालवून बघ. ०.०.०.० च्या दोन ओळी दिसतील, शेवटच्या रकान्यात ज्याचा आकडा लहान त्यावरून सगळं जातं. विंडोज हा आकडा लिंकच्या वेगावरून स्वतः ठरवतं, आणि लिंकचा वेग म्हणजे इंटरनेटचा वेग नव्हे, म्हणून कधी रडकं वायफाय जिंकतं. त्या ॲडॉप्टरच्या आयपीव्ही४ सेटिंगमध्ये ‘ऑटोमॅटिक मेट्रिक’ची खूण काढून हवा तो आकडा टाक. एखादीच साइट मोबाइलवरून न्यायची असेल तर तिच्या पत्त्यापुरता वेगळा राउट टाकता येतो. शिकायला उत्तम, रोजच्या वापराला कटकट.

प्रश्न : ५जीऐवजी दोन्ही फायबरच घेतली तर जास्त खात्रीचं नाही का? — विजापूर रोडचे एक वाचक

उत्तर : केबल कुठून येते त्यावर आहे. दोन कंपन्यांच्या केबली एकाच खांबावरून लोंबत असतील तर एक ट्रॉली दोन्ही नेणार. दुसरं म्हणजे बिलावर नावं दोन असली तरी मागचा पुरवठा कधी कधी एकाच मोठ्या कंपनीचा असतो. शेजारी-पाजारी कुणाकडे ते दुसरं कनेक्शन असेल तर त्यांच्या वायफायवर ‘माझा आयपी काय’ दाखवणारी साइट उघडा, पत्त्याखाली कंपनीचं नाव येतं. तुमच्या लाइनीवरही तेच नाव आलं तर दुसऱ्या फायबरचे पैसे घालवू नका, ५जी घ्या. नावं वेगळी आणि केबलही वेगळ्या रस्त्यानं येत असेल तर खुशाल दोन फायबर घ्या. मेट्रिक आणि पिंगचे नियम तेच.